आफ्रिकेतली नाईट ड्राईव्ह: जागा, दिवा आणि डोळे

नाशिकच्या एका कुटुंबाने विचारलं आहे. नवरा-बायको, 7 वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात केनियाला चालले आहेत. मसाई मारात 3 रात्री मुक्काम आहे. ओळखीच्या कुणीतरी डोक्यात भरवलं की नाईट ड्राईव्ह, म्हणजे रात्री गाडीतून दिवा टाकत जनावरं बघायची फेरी, केली नाही तर आफ्रिका अर्धीच पाहिली. टूर कंपनीच्या कार्यक्रमात मात्र ती नाही. वेगळे पैसे भरून करावी का, सिंहाची शिकार दिसेल का, मुलाला आणि आजोबांना न्यावं का, कॅमेरा कोणता लागेल, हे त्यांचे प्रश्न. मी बरीच वर्षं पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत मराठी गट घेऊन जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशांचं नंतर बघू. आधी व्हाउचर काढा आणि तुमचा कॅम्प नेमका कुठे आहे ते पाहा. 'मसाई मारा' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह. तिथे अंधार पडल्यावर गाडी फिरवायला बंदी आहे, संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सगळ्यांनी कॅम्पवर परतायचं. दुसरी म्हणजे रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सी: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किन्येई वगैरे. ही मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि तिथे नाईट ड्राईव्हला परवानगी असते. पण त्यासाठी मुक्काम त्याच कॉन्झर्व्हन्सीत हवा. रिझर्व्हच्या वेशीवरच्या हॉटेलात राहून 'थोडे जास्त पैसे देतो, रात्री आत सोडा' असं चालत नाही. आणि कुणी ड्रायव्हर गुपचूप नेतो म्हणाला तर अजिबात जाऊ नका. पकडला गेला तर त्याचं लायसन्स जातं आणि तुमची पुढची सहल बोंबलते.

केनियातल्या बाकीच्या राष्ट्रीय उद्यानांतही तोच प्रकार. अंबोसेली, नाकुरू, त्सावो इथे पर्यटकांच्या गाड्या रात्री बंद. तुमच्या कार्यक्रमात ओल पेजेटा असेल तर मात्र नशीब काढलंत. उत्तरेकडचे पांढरे गेंडे जगात दोनच उरले, त्या दोन माद्या जिथे आहेत तीच ही लायकिपियातली कॉन्झर्व्हन्सी. तिथे रात्रीची फेरी रीतसर बुक करता येते. टांझानियात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोच्या विवरात नाही, पण मन्यारा आणि तारांगिरेत परवानगी काढून होते. बोट्सवानात चोबे आणि मोरेमीच्या आत नाही, बाहेरच्या खासगी कन्सेशनमध्ये, म्हणजे कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिलेल्या जंगलात, होते.

निव्वळ रात्रीच्या जंगलासाठी जायचं असेल तर माझी पसंती दोन जागांना. झांबियातलं साउथ लुआंग्वा आणि दक्षिण आफ्रिकेतलं साबी सँड. लुआंग्वात राष्ट्रीय उद्यानाच्या आतच नाईट ड्राईव्हची परवानगी आहे, रात्री 8 पर्यंत. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे अंधाराचे दोन तास हातात मिळतात. साबी सँड हे खासगी अभयारण्य क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि 1993 मध्ये मधलं कुंपण काढल्यापासून जनावरं मोकळेपणी ये-जा करतात. तिथे दुपारची फेरीच पुढे रात्रीची होते, वेगळी तिकिटं नाहीत. क्रुगरच्या सरकारी कॅम्पांतही सनसेट आणि नाईट ड्राईव्ह मिळते. स्वस्त असते, पण गाडी मोठी, माणसं बरीच आणि दिवे बहुतेकदा प्रवाशांच्याच हातात देतात. दिवा हौशी हातात गेला की तो झाडाच्या शेंड्यावरून थेट आभाळात जातो आणि मग कोणालाच काही दिसत नाही.

नाईट ड्राईव्ह चांगली झाली की वाईट हे जनावरांच्या संख्येवर कमी आणि दिवा धरणाऱ्यावर जास्त ठरतं.

बहुतेक निशाचरांच्या डोळ्यांत पडद्यामागे (रेटिनामागे) एक चकाकणारा थर असतो. आत गेलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो आणि पडद्यातून दुसऱ्यांदा जातो. जनावराला अंधुक उजेडात दिसतं ते त्यामुळे, आणि दिव्यात डोळे चमकतात तेही त्यामुळेच. हा उजेड जिथून आला साधारण तिथेच परत जातो. त्यामुळे दिव्याच्या अगदी जवळ ज्याची नजर आहे त्यालाच चमक दिसते. साबी सँडमध्ये ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा माणूस, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावरच्या खुर्चीत बसतो, दिवा गालाजवळ धरतो आणि 200 मीटरवरचे डोळे त्याला दिसतात. मागच्या रांगेतले लोक 'कुठे, कुठे' करत राहतात. त्यांची नजर कमजोर नसते, ते चुकीच्या जागी बसलेले असतात. दिवसा मागची उंच सीट उत्तम. रात्री मात्र दिवेवाल्याच्या पाठीमागची सीट धरा आणि त्याच्या खांद्यावरून झोताच्याच रेषेत बघा. आजोबांना तिथेच बसवा.

डोळे दिसले की रंगापेक्षा उंची, अंतर आणि हालचाल पाहायची. जमिनीपासून किती वर आहेत, दोन्ही एकदम दिसतात की एकच, स्थिर आहेत की सरकताहेत. हरणांचे डोळे बाजूला असतात, मान वळली की एक डोळा गायब होतो. कळप असेल तर अंधारात पन्नास ठिपके एकदम उजळतात आणि तुमच्याकडे पाहत जागच्या जागी थांबतात. सिंह, बिबट्या, तरस यांचे डोळे समोर, जोडीने दिसतात, आणि त्यांना तुमची फारशी पर्वा नसते. एकदा बघून मान फिरवतात, म्हणून शिकारी प्राण्याची चमक क्षणभरच मिळते. रंगाने बुशबेबी हा झाडावरचा छोटा प्राणी ओळखू येतो, झाडात लालसर-नारिंगी दोन निखारे, आणि पुढच्या क्षणी ते दुसऱ्या फांदीवर. मगरीचा डोळा पाण्याच्या पातळीवर लाल. पण एरवी रंगावर फार विसंबू नका, त्याच जनावराचे डोळे कोन बदलला की हिरव्याचे पिवळे होतात. बबून माकडाच्या डोळ्यांत तो थरच नाही, आपल्यासारखाच. त्यामुळे झाडावर अख्खी टोळी झोपलेली असली तरी दिव्यात एक ठिपका चमकत नाही.

मारात तुम्हाला हमखास भेटेल तो स्प्रिंगहेअर. नावात ससा असला तरी हा उंदराच्या कुळातला, मागच्या दोन पायांवर उड्या मारत जाणारा प्राणी. गवतात त्याचा एकच डोळा वरखाली होताना दिसतो, कोणी पेटती बिडी हातात धरून उड्या मारत चाललंय असं वाटतं. याची फर अतिनील दिव्याखाली गुलाबी-नारिंगी चमकते, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. ते पाहायला मात्र कुणी अतिनील टॉर्च घेऊन जाऊ नये, एवढी विनंती.

आता शिकारीबद्दल. चांगल्या गाईडबरोबर असाल तर सिंहाची किंवा बिबट्याची शिकार तुम्हाला दिसणार नाही. ऐकू येईल. कारण शिकार सुरू झाली की तो दिवा बंद करतो. हरणाच्या डोळ्यांवर झोत टाकला की काही काळ ते आंधळं होतं आणि शिकाऱ्याला आयती संधी मिळते. बिबट्यावर टाकला तर हरणांना त्याचा पत्ता लागतो. दोन्हीकडून आपण खेळात ढवळाढवळ करतो. एकदा लुआंग्वात नदीच्या जुन्या पात्राजवळ एक मादी बिबट्या पुकू हरणांच्या कळपाकडे सरकत होती. आमच्या गाईडने इंजिन बंद केलं, दिवा बंद केला आणि खुणेने गप्प बसायला सांगितलं. अंधारात पुकूची इशाऱ्याची शिट्टी आली, मग दुसरी, मग खुरांची धांदल आणि झाडीत काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज. दिवा लागला तेव्हा धूळ होती फक्त. आठ वाजायला आले होते, फाटकाची वेळ गाठायची होती, म्हणून शोधत बसता आलं नाही. गाडीतले एक काका 'पैसे कशाचे घेतले मग' म्हणून चिडले होते. मला विचाराल तर ती मी नेलेल्या गटांना मिळालेल्या उत्तम फेऱ्यांपैकी एक. आणि त्या गाईडकडे मी आजही लोक पाठवतो.

दिव्याची शिस्त ओळखायच्या काही खुणा आहेत. गाईड जिराफ, झेब्रा, इंपाला यांच्यावरून झोत चटकन पुढे नेतो, थांबत नाही, ही दिवसा फिरणारी जनावरं आहेत. हत्तीच्या तोंडावर तर मुळीच टाकत नाही. बिबट्या सापडला की झोत थेट डोळ्यांत न धरता त्याच्या पुढच्या जमिनीवर ठेवतो आणि कडेच्या उजेडात जनावर दाखवतो. जास्त वेळ थांबायचं असेल तर लाल फिल्टर चढवतो. अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड फार कमी जाणवतो, त्यामुळे जनावर बिचकत नाही आणि तुमचेही अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. तोटा एवढाच की लाल झोत लांब पोचत नाही, म्हणून शोधताना पांढरा आणि पाहताना लाल अशी रीत आहे. डोळे अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका मोबाईलच्या स्क्रीनने ती सगळी वाया जातात. व्हॉट्सॲपवर 'आता नाईट ड्राईव्हला' असा फोटो टाकायचा असेल तर तो निघण्याआधी टाका.

बिग फाइव्हची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी पूर्ण करायला रात्री निघत असाल तर पैसे वाचवा. सिंह दिवसा जास्त चांगला दिसतो. रात्र आहे ती लहान जनावरांची. जेनेट हे ठिपकेदार, लांब शेपटीचं, मांजरापेक्षा सडपातळ जनावर. कॅम्पच्या जेवणाच्या तंबूच्या आढ्यावरही येऊन बसतं. सिव्हेट म्हणजे आपल्या उदमांजराचा धिप्पाड आफ्रिकी नातलग. तोंडावर काळा मुखवटा, खाली नाक घासत चालणार, आणि इतरांना विषारी असलेले पैसा किडे बिनदिक्कत खाणार. पांढऱ्या शेपटीचं मुंगूस, मुंगसांत सगळ्यात मोठं, एकटंच फिरतं. साळिंदर आपल्याकडच्यासारखंच, जात वेगळी. बॅट-इअर्ड फॉक्स हा कोल्ह्याचा भाऊबंद डोकं खाली घालून थांबतो, कान जमिनीकडे वळवतो आणि मातीखालच्या अळीचा आवाज ऐकून तिथेच उकरतो. गाडीचं इंजिन बंद असेल आणि कुणी कुजबुजत नसेल तर हे सगळं दहा फुटांवर चालतं. रस्त्याच्या उबदार मातीवर रातवे पक्षी बसलेले असतात, चाकाखाली येतील असं वाटेपर्यंत उठत नाहीत. मोठ्या झाडावर व्हेरोचं घुबड बसलं असेल तर त्याने डोळे मिटायची वाट बघा, पापण्या चक्क गुलाबी असतात.

बुशबेबीवर जरा जास्त वेळ द्या. आपल्याकडचं लाजवंती (लोरिस) हे निशाचर जनावर ऐकून माहीत असेल, त्याच गोतावळ्यातला हा. वजन दीड-दोनशे ग्रॅम, पण उभी उडी दोन मीटरहून जास्त. बाभळीचा डिंक आणि किडे खातो. उडण्याआधी कान एकेक करून दुमडतो, मान डुगडुगवून अंतराचा अंदाज घेतो आणि मग तिथे नसतोच. हातापायांच्या तळव्यांना स्वतःचं मूत चोळायची त्याची सवय आहे. तुमच्या 7 वर्षांच्या मुलाला अख्ख्या ट्रिपमधली हीच गोष्ट आयुष्यभर लक्षात राहील, हे मी लिहून देतो.

आर्डवार्कचं स्वप्न घेऊन बरेच जण नाईट ड्राईव्हला बसतात. वाळवी खाणारं, डुकराएवढं, लांब कानांचं हे जनावर मारात आहे, पण दिसणं लॉटरी. त्याची बिळं मात्र दिवसा दाखवायला सांगा, वॉर्टहॉग या रानडुकरापासून अनेकांचे संसार त्यात चालतात. आर्डवार्कच पाहायचा असेल तर उलटा रस्ता आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या कालाहारीत, त्स्वालू भागात, हिवाळ्यातल्या दुपारी जा. थंडीच्या रात्री अंगातली ऊब सांभाळायला तो तिथे उजेडातच बाहेर पडतो. तिथेच आर्डवुल्फही. हा तरसाच्या घरातला, पण एका रात्रीत दोन-तीन लाख वाळव्या चाटून खाणारा.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेले बरेच वाचक असतील. तिथे पौर्णिमा लागते, कारण चांदण्यातच पाणवठा बघायचा असतो. नाईट ड्राईव्हचं गणित उलटं. भरपूर चांदणं असलं की लहान निशाचर उघड्यावर यायला कचरतात, सिंहाच्या शिकारीही कमी यशस्वी होतात, आणि दिव्यातली चमक फिकी पडते. तारीख हातात असेल तर अमावास्येच्या आगेमागे निवडा. मचाणासारखाच अनुभव हवा असेल तर नामिबियातल्या एतोशात जा. ओकाउकुएयो कॅम्पच्या भिंतीला लागून पाणवठा आहे, त्यावर रात्रभर मंद दिवे असतात, काळे गेंडे पाण्यावर येतात आणि तुम्ही शाल पांघरून बाकावर बसायचं. आजोबांसारख्यांना गाडीच्या हिसक्यांपेक्षा ते फार मानवतं. पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

अंधाऱ्या रात्रीचा आणखी एक फायदा डोक्यावर असतो. जुलैच्या मध्यात रात्री 9 ला क्रुगर-साबी सँडच्या भागात ज्येष्ठा नक्षत्र अगदी माथ्यावर येतं. नाशिकहून जो वृश्चिक दक्षिणेला कलंडलेला दिसतो, तो तिथे नांगीसकट उभा पाहता येतो. मारा विषुववृत्ताजवळ आहे, तिथेही तो बराच वर चढतो. गाईडला पाच मिनिटं सगळे दिवे बंद करायला सांगा, आनंदाने करतात.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. जनावरं गाडी आणि माणसं मिळून एकच आकार धरतात. तो आकार मोडला की अडचण, म्हणून उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत, खाली पडलेली टोपी उचलायला उतरायचं नाही. एकटा हत्ती वाटेत आला तर गाईड मागे घेतो, त्याला 'थांब थांब, फोटो' म्हणायचं नाही. खरी जोखीम गाडीत कमी आणि कॅम्पमध्ये जास्त असते. कुंपण नसलेल्या कॅम्पात पाणघोडे रात्री चरायला तंबूंमधून फिरतात, म्हणून अंधार पडल्यावर पहारेकरी, ज्याला तिकडे आस्करी म्हणतात, त्याच्याशिवाय एक पाऊलही नको. बाथरूमची लाईट गेली तरी शिट्टी वाजवून त्यालाच बोलवा.

थंडी हा आपल्या लोकांना न पटणारा विषय. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने एक पातळ जॅकेट घेऊन येतात. मारा 1500 मीटरच्या वर आहे, जुलै थंड महिना आणि गाडी उघडी. कॅम्पवाले ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात, पण वारा कानाला लागतो. आजोबांची माकडटोपी घ्या, लाजू नका. मलेरियाचे डास संध्याकाळनंतरचे, तेव्हा पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर. खाऊ न्यायचाच तर डब्यात न्या. चिवड्याच्या पिशवीची चुरचुर बॅट-इअर्ड फॉक्सला तुमच्या आधी ऐकू जाते. बाकरवडी तंबूत ठेवू नका, जेनेट येतं आणि दिवसा माकडं.

कॅमेऱ्याचं लवकर उरकतो. फ्लॅश बंद, कायमचा. लेन्स f/2.8 ची असेल तर उत्तम, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 6400 किंवा त्याहून वर न्यायची तयारी ठेवा, शटर 1/100 सेकंदाच्या आसपास, कॅमेरा बीनबॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर, टेकवून. इंजिन बंद झाल्यावरच बटण दाबा. मोबाईलवर काही येणार नाही, तो खिशात राहू द्या. त्याऐवजी 8×42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण न्या. 10×42 पेक्षा ती रात्री उजळ दिसते, कारण डोळ्यात जाणारा झोत 4.2 ऐवजी सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो.

आता तुमचा कार्यक्रम. मारातल्या 3 रात्रींपैकी 2 कॉन्झर्व्हन्सीत हलवता येतील का ते कंपनीला विचारा. महाग पडेल, पण मग सकाळच्या फेरीलाही गाड्यांची गर्दी कमी मिळते. एकाच रात्रीसाठी हलू नका, पाऊस आला तर ती गेली. कंपनीला लेखी विचारायचं ते एवढं: कॉन्झर्व्हन्सीचं नाव काय, नाईट ड्राईव्ह किमतीत धरली आहे का, गाडी फक्त आपल्या कुटुंबाची की इतरांबरोबर, दिवा गाईड धरतो की वेगळा माणूस, लाल फिल्टर आहे का, आणि लहान मुलांसाठी वयाची अट काय. अट जागोजागी वेगळी असते. क्रुगरच्या सरकारी फेऱ्यांना 6 वर्षांखालची मुलं घेत नाहीत, काही खासगी कॅम्प आणखी मोठं वय मागतात. गाडी स्वतंत्र मिळाली तर मुलाला बिनधास्त न्या, रात्रीच्या जेवणाआधीची तासाभराची फेरी सांगा. जेवणानंतरच्या फेरीत तो झोपतो आणि मग आईच्या मांडीवर त्याचे पाय आणि बाबांच्या हातात दुर्बीण, असं होतं.

कंपनीने नाही म्हटलं तर रिझर्व्हमध्ये राहा आणि नाईट ड्राईव्हवर पाणी सोडा, त्यासाठी अख्खं पॅकेज मोडण्यात अर्थ नाही. एक साधा हेडलॅम्प मात्र सोबत घ्या. संध्याकाळी कॅम्पच्या आवारात, आस्करी बरोबर असताना, तो कपाळावर बांधून मुलाला गवताकडे बघायला सांगा. दिवा डोळ्यांच्या पातळीला असला की गवतातल्या कोळ्यांचे डोळेसुद्धा निळसर-हिरवे चमकतात. तेवढं कुठल्याही परवानगीशिवाय होतं.